दृष्टीचे कोडे आणि सर सी. व्ही. रामन

प्रकाशाच्या विकिरणावरील संशोधनासाठी १९३० साली नोबेल पारितोषिक मिळविणारे सर चंद्रशेखर वेंकट रामन सर्वांना परिचित आहेत. मात्र आयुष्याच्या अखेरच्या दशकात त्यांनी बेंगळुरू येथे मानवी दृष्टीचा अभ्यास केला, ही बाब फारशी ज्ञात नाही.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. १९०७ मध्ये ते कोलकाता येथे सरकारी वित्त खात्यात रुजू झाले आणि फावल्या वेळात संशोधन करू लागले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिणामाचा शोध लागला. १९३३ मध्ये ते बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. १९४८ मध्ये निवृत्तीनंतर त्यांनी त्याच शहरात स्वतःची संशोधन संस्था उभारली. तेथील संग्रहालयात त्यांनी जमविलेली रत्ने, खनिजे आणि फुलपाखरे आहेत.

रंगांच्या या ओढीतूनच ते रंग पाहणाऱ्या डोळ्याकडे वळले. त्यांची पद्धत अत्यंत साधी होती. रंगीत फिल्टरमधून उजळ पांढऱ्या पडद्याकडे काही काळ एकटक पाहायचे आणि फिल्टर एकदम दूर करायचा. त्या क्षणी आपल्याच दृष्टिपटलाचे मोठे चित्र पडद्यावर दिसते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या निरीक्षणांच्या आधारे त्यांनी यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा तीन मूलभूत रंगसंवेदनांचा सिद्धांत अमान्य केला. तथापि १९६४ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी एकेका शंकुपेशीने शोषलेल्या प्रकाशाचे मोजमाप केले आणि तीन प्रकारच्या पेशींचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला. रामन आपल्या मतावर ठाम राहिले. १९६८ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांनी दृष्टिविषयक संशोधनाचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

रंगसंवेदना पेशींच्या प्रकारांवर अवलंबून असते, हे प्राणिसृष्टीतही दिसून आले आहे. कुत्र्याच्या डोळ्यात शंकुपेशींचे दोनच प्रकार असतात, तर बहुतेक पक्ष्यांत चार. मधमाशीला अतिनील प्रकाश दिसतो, परंतु तांबडा रंग जवळजवळ जाणवत नाही. एकच फूल प्रत्येकाला निराळे दिसते.

२१ नोव्हेंबर १९७० रोजी रामन यांचे निधन झाले. संस्थेच्या आवारातच त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले आणि त्या जागी एक वृक्ष लावण्यात आला. दृष्टीविषयीचा त्यांचा निष्कर्ष काळाच्या कसोटीवर टिकला नाही. परंतु जगन्मान्यता लाभल्यानंतरही उतारवयात नव्या विषयाला हात घालण्याचे आणि मान्य सिद्धांत स्वतःच्या डोळ्यांनी पडताळण्याचे त्यांचे धैर्य आजही स्मरणीय आहे.