प्रभाकर बरवे : वस्तू, अवकाश आणि शब्द

मराठी साहित्याला वाहिलेल्या नियतकालिकात एका चित्रकाराच्या चरित्राला स्थान कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्या बाबतीत या शंकेचे निरसन दोन प्रकारे करता येते. एक तर त्यांनी आपले कलाविषयक चिंतन 'कोरा कॅनव्हास' (१९९०) या ग्रंथात मराठीतून मांडले. दुसरे असे की, आयुष्यभर त्यांनी ज्या प्रश्नाचा पाठपुरावा केला, तो केवळ चित्रकलेपुरता मर्यादित नाही. वस्तू, तिचे रूप आणि तिला लाभणारा अर्थ यांचे नाते कोणते, हा प्रश्न कवीलाही टाळता येत नाही. असे असूनही मराठीच्या अभ्यासक्रमांत बरव्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनाचा आणि कारकिर्दीचा आलेख मांडून, या उपेक्षेमुळे आपण काय गमावतो याचा विचार करावयाचा आहे.

१. जडणघडण

बरव्यांचा जन्म १९३६ साली अलिबागजवळील नागाव येथे झाला. तो परिसर तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात येतो. घरात कलेचे वातावरण होते. वडील मुंबईत चित्रपटनिर्मितीच्या क्षेत्रात कलाकार म्हणून काम करीत. ख्यातनाम शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर हे त्यांच्या नात्यातील होते. पुण्यातील छत्रपती शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे शिल्पकार म्हणून करमरकर महाराष्ट्राला परिचित आहेत. त्यांचे सासवणे हे गावही याच किनाऱ्यावर आहे. करमरकरांची कला मानवाकृतीच्या यथार्थ घडणीत रमणारी होती. बरव्यांच्या प्रगल्भ काळातील चित्रांतून मात्र मानवाकृती बव्हंशी हद्दपार झाली. एकाच कुटुंबाच्या दोन पिढ्यांत घडलेले हे स्थित्यंतर महाराष्ट्रातील कलेच्या इतिहासाचेच लघुरूप म्हणावे लागेल.

१९५४ ते १९५९ या काळात बरव्यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना १९४७ साली झालेली होती आणि त्या गटाने उठविलेले वादळ तोवर शमले होते. आधुनिक असावे की नसावे, हा वाद मागे पडला होता. आधुनिकता आपल्या मातीतून कशी उगवावी, हा नवा प्रश्न तरुण चित्रकारांपुढे उभा होता. जे. जे. मध्ये शंकर पळशीकरांसारखे अध्यापक भारतीय चित्रपरंपरा आणि नवी दृष्टी यांचा मेळ घालू पाहत होते. साहित्याच्या क्षेत्रातही हा मंथनाचा काळ होता. मर्ढेकरांचे 'सौंदर्य आणि साहित्य' १९५५ साली प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास लघुनियतकालिकांच्या चळवळीची चाहूल लागली होती. बरव्यांची मनोभूमी घडली ती अशा वातावरणात.

२. वाराणसी आणि तांत्रिक प्रतीके

शिक्षणानंतर उपजीविकेचा प्रश्न होता. चित्रविक्रीवर संसार चालविणे त्या काळी फार थोड्यांना शक्य होते. एकोणीसशे साठोत्तर दशकाच्या आरंभी बरवे केंद्र शासनाच्या विणकर सेवा केंद्रात रुजू झाले. हातमागाच्या कारागिरांना नवे नमुने आणि नव्या रंगसंगती पुरविण्यासाठी ही केंद्रे स्थापन झाली होती. स्वातंत्र्योत्तर काळातील अनेक चित्रकारांना या केंद्रांनी आधार दिला. अकोल्याचे अमूर्त चित्रकार अंबादास हेही त्यांपैकीच. बरव्यांची नियुक्ती वाराणसीला झाली आणि १९६५ पर्यंत ते तेथे राहिले.

या वास्तव्याने त्यांना दोन गोष्टी दिल्या. पहिली म्हणजे तंत्रमार्गातील यंत्रे, बिंदू, त्रिकोण, वर्तुळ आदी आकृतिबंधांचा निकट परिचय. दुसरी, तितकीच महत्त्वाची, परंतु समीक्षकांनी बहुधा दुर्लक्षिलेली गोष्ट म्हणजे विणकामाची शिस्त. वस्त्रावरील नमुन्यात खोलीचा भास नसतो. बुट्टी आणि तिच्या भोवतालची मोकळी जमीन यांना सारखेच मोल असते. दोन बुट्ट्यांमधील अंतर चुकले, तर सारा पट बिघडतो. मोकळी जागा ही उरलेली जागा नसून योजलेली जागा असते, हा धडा बरव्यांच्या पुढील चित्रांत सर्वत्र जाणवतो.

साठोत्तर दशकातील त्यांच्या चित्रांत तांत्रिक प्रतीकांचा ठळक वापर आढळतो. याच काळात त्यांनी मिश्र माध्यमातही काम केले. कॅनव्हासवर इतर साहित्याची जोड देऊन पृष्ठभागाला स्पर्शगुण आणण्याचा हा प्रयत्न होता. घराच्या दारा-खिडक्यांना लावावयाचा एनॅमल रंग त्यांनी चित्रकलेत आणला. या रंगाची चकाकी आणि त्याची पसरण्याची रीत तैलरंगाहून सर्वस्वी भिन्न आहे. हे माध्यम त्यांच्या शैलीची खूणच ठरले.

तंत्रकलेविषयी देशात आणि परदेशात कुतूहल वाढत असताना बिरेन डे, जी. आर. संतोष प्रभृतींच्या मालिकेत बरव्यांचे नाव घेतले जाऊ लागले. त्याच वाटेने पुढे जाणे व्यावहारिकदृष्ट्या सोयीचे होते. बरव्यांनी तसे केले नाही. तयार प्रतीकाचा अर्थ चित्राच्या बाहेर आधीच ठरलेला असतो आणि चित्रकार त्याचा केवळ वाहक उरतो. या मर्यादेची जाणीव त्यांच्या पुढील वाटचालीतून स्पष्ट होते. प्रतिष्ठा मिळू लागलेली असताना आपली शैली सोडून देणे, हा त्यांच्या कारकिर्दीतील निर्णायक क्षण होय.

३. वस्तूंचे जग

मुंबईस परतल्यावरही नोकरी सुटली नाही. सुमारे दोन दशके त्यांनी विणकर सेवा केंद्रात काम केले. दिवसा इतरांसाठी नमुने आणि उरलेल्या वेळात स्वतःची चित्रे, असा हा दुहेरी संसार होता. त्यातूनच सत्तरोत्तर दशकात त्यांची स्वतंत्र चित्रभाषा आकाराला आली. १९७६ साली ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला.

या चित्रांत पान, शंख, गोगलगाय, घड्याळ, किल्ली, खुर्ची, ढग अशा साध्या वस्तू येतात. वस्तू ओळखू येतात, म्हणून ही चित्रे अमूर्त नव्हेत, असे वरवर पाहता वाटेल. परंतु या वस्तू ज्या अवकाशात वावरतात, त्याला क्षितिज नाही, गुरुत्वाकर्षण नाही आणि प्रकाशाची एक दिशाही नाही. त्यांचे परस्परप्रमाण व्यवहारातील नव्हे. कोठे वस्तूची केवळ कडा उरते, तर कोठे तिची छाया तिच्यापासून अलग होते. वस्तूचा उपयोग गळून पडतो आणि रूप उरते. अमूर्ताकडे जाण्याचे दोन मार्ग संभवतात. एका मार्गावर वस्तू टप्प्याटप्प्याने नाहीशी होते. वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांत तो मार्ग दिसतो. दुसऱ्या मार्गावर वस्तू जागेवर राहते, पण तिचा नेहमीचा अर्थ विरतो. बरवे या दुसऱ्या मार्गाचे प्रवासी होते. म्हणूनच तांत्रिक, अमूर्त किंवा अतिवास्तववादी यांपैकी कोणतीच संज्ञा त्यांना पूर्णतः लागू पडत नाही.

येथे एक सादृश्य सुचवावेसे वाटते. त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्यात शाळुंकेवर उंच लिंग नाही. तेथे एक पोकळी आहे आणि तिच्या तळाशी ब्रह्मा, विष्णू व महेश यांची अंगुष्ठमात्र लिंगे आहेत. पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम रिकामेपणाकडे जाते आणि मग आत वळते. या स्थानाचा बरव्यांवर प्रभाव पडला, असा दावा येथे अभिप्रेत नाही. परंतु पोकळी म्हणजे अभाव नसून अर्थाचे अधिष्ठान होय, ही कल्पना आपल्या परंपरेला परकी नाही, हे त्यावरून ध्यानात यावे. बरव्यांचा अवकाश केवळ पाश्चात्त्य आधुनिकतेच्या परिभाषेत समजून घेणे त्यामुळेच अपुरे ठरते. याच त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले आणि पुढे जे. जे. मध्येच शिकलेले दादासाहेब फाळके यांनी चित्राला गती देऊन कथा सांगितली. बरव्यांनी चित्रातून कथाच काढून घेतली. एकाच कलाशाळेने ही दोन टोके घडविली, हे लक्षणीय आहे.

४. 'कोरा कॅनव्हास'

बरवे नियमितपणे डायऱ्या लिहीत. त्यांत टिपणे, रेखाटने, चित्रांविषयीचे विचार एकत्र नांदत. शब्द आणि रेषा यांच्यातील ही ये-जा त्यांच्या निर्मितिप्रक्रियेचाच भाग होती. या दीर्घ सवयीतून 'कोरा कॅनव्हास' सिद्ध झाला. १९९० साली तो प्रसिद्ध झाला, तेव्हा लेखकाच्या चित्रसाधनेला तीन दशके होऊन गेली होती.

मराठीत कलाविषयक लेखनाची परंपरा क्षीण नाही. द. ग. गोडसे यांच्या 'पोत'ने कलेकडे पाहण्याची स्वतंत्र दृष्टी दिली. रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) तात्त्विक चर्चेचा मानदंड ठरली. मात्र मर्ढेकर आणि पाटणकर सिद्धान्ताकडून कलाकृतीकडे येतात, तर गोडसे इतिहास व संस्कृती यांच्या अंगाने. बरव्यांचा प्रवास याच्या उलट आहे. कोऱ्या पृष्ठभागासमोर उभ्या असलेल्या निर्मात्याला जे प्रश्न पडतात, तेथून ते आरंभ करतात. वस्तू, आकार आणि अवकाश ही त्यांच्या विवेचनाची मूलद्रव्ये होत. मर्ढेकरांच्या लयतत्त्वात संवाद, विरोध आणि समतोल ही नाती सिद्ध कलाकृतीत शोधली जातात. बरव्यांना ती नाती जुळण्यापूर्वीची अवस्था महत्त्वाची वाटते. वाङ्मयीन निर्मितिप्रक्रियेच्या अभ्यासकाला या भेदातून पुष्कळ हाती लागण्याजोगे आहे.

आणखी एक मुद्दा भाषेचा. ज्या मुंबईत कलाव्यवहाराची भाषा प्रायः इंग्रजी होती, तेथे बरव्यांनी मराठीत लिहिले. अमूर्ताविषयी मराठीत लिहिताना परिभाषा जड आणि कृत्रिम होण्याचा धोका असतो. रोजच्या वापरातील शब्दांना नेमका अर्थ देऊन त्यांनी तो टाळला. जे त्यांनी चित्रात पान आणि किल्लीचे केले, तेच गद्यात साध्या शब्दांचे केले.

५. समारोप

वयाची साठ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, १९९५ साली बरव्यांचे निधन झाले. त्यांच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद पुढे उपलब्ध झाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कार्याचा आढावा घेणारे मोठे प्रदर्शन भरले. उद्‍घाटनप्रसंगी अमोल पालेकर यांचे भाषण अडविले गेल्याने देशभर चर्चा झाली. ती चर्चा अभिव्यक्तीच्या दृष्टीने आवश्यकच होती. तथापि, ज्यांच्या चित्रांसाठी लोक जमले होते, ते बरवे त्या कोलाहलात बाजूला पडले, हेही खरे.

मूल्यमापन करताना त्यांच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. त्यांच्या चित्रांतील शांततेत समकालीन सामाजिक संघर्षाचे पडसाद फारसे उमटत नाहीत. दलित साहित्याने मराठी संवेदनशीलता ढवळून काढली त्याच दशकांत हे घडले, याची जाणीव ठेवावी लागते. परंतु पाहण्याची सवय मोडून वस्तूकडे नव्याने पाहावयास लावणे, हेही मूलगामी कार्य होय. 'कोरा कॅनव्हास'चा समावेश पदव्युत्तर स्तरावरील साहित्यशास्त्राच्या अभ्यासात झाला, तर निर्मितीचा विचार निर्मात्याच्या बाजूने करण्याची सोय विद्यार्थ्यांना होईल. चित्रकाराने लिहिले म्हणून तो ग्रंथ चित्रकलेच्या कपाटात ठेवून देणे, ही वर्गीकरणाची सोय झाली. साहित्याच्या अभ्यासकाने ती निमूटपणे मान्य करण्याचे कारण नाही.