कात्रजच्या घाटातील मशाली

एखाद्यास हुलकावणी दिली की त्याला कात्रजचा घाट दाखविला, असे आपण सहज बोलून जातो. या वाक्प्रचारात हसे होते ते शाएस्तेखानाचे. वस्तुतः हा पुरुष हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आसफखानाचा पुत्र, मुमताज महलचा बंधू आणि औरंगजेबाचा मामा असलेल्या या सरदाराने १६६० साली दख्खनच्या सुभेदारीवर येताच पुणे व्यापले, छप्पन्न दिवस वेढा घालून चाकणचा किल्ला घेतला आणि लालमहालात मुक्काम ठोकला.

५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजीमहाराज मोजक्या माणसांनिशी त्याच लालमहालात शिरले. खानाची बोटे तुटली, पुत्र मारला गेला. एवढ्या प्रचंड फौजेच्या मधोमध हे घडले याचे नवल केले जाते. आमच्या मते ते फौज प्रचंड होती म्हणूनच घडले. आपण छावणीतलेच लोक आहोत, असे आत शिरणाऱ्यांनी सांगितले आणि ते खपले. चार माणसांच्या पहाऱ्यात अनोळखी चेहरा तत्काळ ओळखू येतो. हजारोंच्या छावणीत मात्र प्रत्येक चौकीवाला पुढची चौकी चौकशी करील या भरवशावर निर्धास्त राहतो. रस्त्यावर अपघात पाहून थबकणाऱ्या आणि कोणीतरी कळविले असेलच असे मानून पुढे जाणाऱ्या आजच्या गर्दीचे मन याहून निराळे नाही.

पुढची कथा कात्रजची. महाराज सिंहगडाकडे निघाले असता घाटात झाडांना व बैलांच्या शिंगांना मशाली बांधल्या आणि मोगल त्या उजेडामागे धावत सुटले, असे सांगतात. ही दंतकथा आहे. इतिहासाचा पुरावा म्हणून ती पुढे करता येणार नाही. परंतु ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली, कारण तिच्यात मनुष्यस्वभाव अचूक पकडला आहे. एकटा स्वार त्या मशालींची चाल पाहून कदाचित शंकला असता. डाव्या-उजव्या हाताचे सोबती टाच मारीत असताना लगाम खेचण्यास मात्र दौडण्याहून अधिक धैर्य लागते!

छाप्यानंतर दोष कोणीच पत्करला नाही. जसवंतसिंहाच्या फितुरीची कुजबुज तेवढी सुरू झाली. शिक्षा एकट्या खानाला झाली. संतप्त बादशहाने त्याची बंगालमध्ये रवानगी केली. तेथे याच माणसाने १६६६ साली आराकानी सत्तेकडून चितगाव जिंकून घेतले आणि पुढे दीर्घकाळ त्या प्रांताचा कारभार पाहिला. १६९४ साली तो वारला. बंगालमध्ये तो स्वस्ताईचा सुभेदार म्हणून आठवला जातो. पुण्यात त्याच्या वाट्याला तुटलेली बोटे आली, आणि जो घाट त्याने स्वतः पाहिलाही नसेल तो घाट.