पलुस्करांनी गाण्याच्या शाळेत वाद्यांचा कारखाना का काढला?

मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आज गाणे शिकणारा मोबाइलवर वाद्यांच्या किमती पाहतो. सव्वाशे वर्षांपूर्वी सामान्य घरातल्या मुलाला वाद्य आणि गुरू, दोन्ही मिळणे कठीण होते. हे चित्र बदलणारे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर अखेरच्या काळात नाशिककर झाले होते.

मिरजेशी नाते काय?

पलुस्करांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला, कीर्तनकाराच्या घरात झाला. लहानपणी फटाक्यामुळे डोळे अधू झाले. उपचारांसाठी मिरजेला आणले, तिथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाण्याची तालीम सुरू झाली. मिरज हे वाद्य घडवणाऱ्यांचे गाव. शस्त्रे बनवणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्यांचे काम सुरू केले होते.

कारखाना कशासाठी?

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. १९०८ मध्ये मुंबईत शाखा आली. राजाश्रयाऐवजी फी, देणग्या आणि तिकिटाच्या मैफली यांवर ही शाळा चालायची. एका गुरूसमोर एक शिष्य असेल तर एक तंबोरा पुरतो. वर्ग भरला की अनेक वाद्ये लागतात. तार तुटते, भोपळा तडकतो, जवारी बिघडते. म्हणून पुस्तकांसाठी छापखाना, तशी वाद्ये बनवण्या-दुरुस्तीसाठी कार्यशाळाही विद्यालयात आली.

तंबोरा निवडताना काय पाहतात?

पुरुषी गळ्याला मोठ्या भोपळ्याचा, बायकी गळ्याला लहान. दांडी सरळ हवी, खुंट्या घट्ट बसायला हव्यात. खरी परीक्षा जवारीची. घोडीचा माथा नीट घासला असेल तर तारेचा नाद मोकळा, भरलेला येतो. नक्षीकामाने किंमत वाढते, आवाज नाही. हे कानाला कळायला दोन-तीन तंबोरे शेजारी ठेवून, एकाच स्वरात लावून ऐकावे लागतात.

मग नाशिक का?

मुंबईतील इमारतीचे कर्ज फिटले नाही आणि अखेर तिचा लिलाव झाला. उभ्या हयातीत जमवलेली वास्तू गेली. तोवर ते रामभक्तीकडे वळले होते. नाशिकला त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला. १९२१ मध्ये त्यांचे पुत्र दत्तात्रेय, म्हणजे पुढचे गायक डी. व्ही. पलुस्कर, नाशिकलाच जन्मले.

मागे काय उरले?

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले, तेव्हा दत्तात्रेय अवघे दहा वर्षांचे होते. इमारत उरली नव्हती, पण ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास यांच्यासारखे शिष्य होते. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्याच्या परीक्षांना बसणारी मुले आजही गावोगावी आहेत. घरात तंबोरा येतो तो बहुतेकदा त्या परीक्षेच्या निमित्ताने.