विष्णुपंत छत्रे

विष्णुपंत मोरेश्वर छत्रे (जन्म : सुमारे इ.स. १८४०) हे मराठी अश्वशिक्षक व ग्रेट इंडियन सर्कस या पहिल्या भारतीय सर्कशीचे संस्थापक होते. त्यांना भारतीय सर्कशीचे जनक मानले जाते.

शिक्षण

छत्रे यांचा जन्म आजच्या सांगली जिल्ह्यातील अंकलखोप येथे झाला. गायन व घोडे या दोन्हींचा त्यांना ओढा होता. ग्वाल्हेर येथे त्यांनी बाबासाहेब आपटे यांच्याकडे अश्वविद्येचे आणि हद्दू खाँ यांच्याकडे गायनाचे शिक्षण घेतले. पुढे ते कुरुंदवाडचे संस्थानिक पटवर्धन यांच्या पदरी पागेचे प्रमुख झाले. मराठ्यांच्या मोहिमा केव्हाच संपल्या होत्या. घोडदळासाठी घोडे तयार करणाऱ्या चाबूकस्वारांची विद्या आता संस्थानिकांच्या पागांपुरती उरली होती.

अश्वशिक्षण

घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला मागील हालचालही दिसते; त्यामुळे फडफडणारे कापड किंवा अचानक झालेला आवाज त्याला बुजवण्यास पुरेसा होतो. अशा वेळी चाबूक मारल्यास भीतीची वस्तू व वेदना यांची सांगड त्याच्या मनात पक्की बसते. ग्रीक लेखक झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच हा धोका ओळखून घोड्याला गर्दीची व गोंगाटाची हळूहळू सवय लावावी, असे प्रतिपादन केले होते.

घोड्याला लांब दोरावर गोलाकार फिरवण्यास मराठीत कावा देणे म्हणतात. पाठीवर ओझे नसताना एकाच वर्तुळात, एकाच गतीने फिरताना घोडा शिक्षकाचा आवाज ओळखू लागतो. त्यानंतर खोगीर, मग स्वार आणि अखेरीस वाद्ये व जमाव, अशा पायऱ्यांनी त्याचा बुजरेपणा कमी करता येतो. स्वाराने मांड आवळल्यास वा लगाम ताणल्यास त्याची धास्ती घोड्याला जाणवते. म्हणून घोड्याबरोबर स्वाराचेही शिक्षण आवश्यक ठरते.

सर्कशीची स्थापना

इ.स. १८७९ मध्ये इटालियन सर्कसचालक ज्युसेप्पे कियारिनी यांची सर्कस मुंबईत आली. छत्रे यांनी संस्थानिकांसह तिचे खेळ पाहिले. भारतीयांना अशी सर्कस उभारता येणार नाही, असे मत कियारिनी यांनी मांडल्याचे सांगितले जाते. छत्रे यांनी ते आव्हान स्वीकारले आणि २० मार्च १८८० रोजी ग्रेट इंडियन सर्कशीचा पहिला खेळ केला. त्यात त्यांनी स्वतः घोड्यांची कामे सादर केली, तर त्यांच्या पत्नीने झुल्यावरील कसरती केल्या.

सर्कशीचे रिंगण हा मुळात काव्याचाच विस्तार होता. लंडनमधील अश्वारोहणाचे शिक्षक फिलिप अ‍ॅस्टली यांनी अठराव्या शतकात रूढ केलेल्या रिंगणाचा व्यास ४२ फूट होता. दौऱ्यात गाव बदलले, तरी रिंगण त्याच मापाचे राहत असल्याने नव्या जागीही घोड्याला ओळखीचा मार्ग मिळे. धावत्या घोड्याच्या पाठीवर उभ्या राहणाऱ्या कसरतपटूचा जीव त्या घोड्याच्या स्थिर चालीवर अवलंबून असे. तो एकदा बुजला, तरी अपघात अटळ होता. त्यामुळे सर्कस उभारण्यास जन्मभर घोडे शिकवणारा मनुष्य पुढे आला, हा योगायोग नव्हता.

पुढील काळ व वारसा

ग्रेट इंडियन सर्कशीने भारतात दूरवर दौरे केले. हद्दू खाँ यांचे पुत्र, गायक रहिमत खाँ यांनाही छत्रे यांनी आश्रय दिला. पुढे सर्कशीची धुरा त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी वाहिली. तेल्लिचेरी येथे छत्रे यांच्या संपर्कात आलेले कीलेरी कुन्हिकण्णन यांनी केरळात कसरतपटूंच्या शिक्षणाची परंपरा सुरू केली आणि तेथील कलावंतांनी पुढे भारतीय सर्कशीवर ठसा उमटवला. छत्रे यांचे निधन विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झाले. संस्थानी पागेत उरलेल्या अश्वविद्येला सर्वसामान्य प्रेक्षकांपुढे नवे क्षेत्र मिळवून देणे, हे त्यांचे प्रमुख कार्य होय.