कार्व्हरची तीन महाविद्यालये

गेल्या दिवाळीत मामा पुण्याहून आले आणि फराळाबरोबर आमच्या घरात एक प्रश्न ठेवून गेले. तृतीय वर्षाला मी आपले हे तालुक्याचे महाविद्यालय सोडून पुण्याच्या एखाद्या नामांकित महाविद्यालयात जावे. मोठे नाव पाठीशी असले म्हणजे पुढची दारे आपोआप उघडतात, असे त्यांचे सांगणे. आबा त्यावर काही बोलले नाहीत. रात्री मात्र ते आईशी म्हैस विकण्याविषयी बोलत असल्याचे माझ्या कानांवर आले. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे असा कौल कोणाला लावायचा, हेही आमच्या घरात कोणाला ठाऊक नाही.

मी तो एका पुस्तकाला लावला. वीणा गवाणकर यांचे १९८१ साली निघालेले ‘एक होता कार्व्हर’ मी शाळेत असताना वाचले होते. तेव्हा त्यातल्या शेंगदाण्यांच्या करामती तेवढ्या लक्षात राहिल्या. या वेळी मी ग्रंथालयातून ते पुन्हा आणले आणि आणखी मिळेल ते वाचले, ते एवढेच पाहण्यासाठी, की कार्व्हर कोणत्या महाविद्यालयात शिकले आणि ते का सोडले.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचा जन्म १८६४ च्या सुमारास अमेरिकेतील मिसुरी राज्यात एका गुलाम स्त्रीच्या पोटी झाला. नक्की तारीख कोण लिहून ठेवणार! जॉर्ज तान्हा असतानाच लुटारूंनी त्याला व त्याच्या आईला पळवून नेले. मालक मोझेस कार्व्हर यांनी माणूस पाठवून शोध घेतला. पोर तेवढे हाती लागले, त्याच्या मोबदल्यात एक घोडा द्यावा लागला आणि आई पुन्हा कधीच दिसली नाही. गुलामगिरी संपल्यावर मोझेस आणि सुझन या जोडप्यानेच जॉर्जला वाढवले. प्रकृतीने किरकोळ असल्यामुळे त्याला शेतकाम झेपेना. म्हणून तो स्वयंपाक, धुणे, शिवण, विणकाम शिकला. बायकांची म्हणून ज्या कामांना नाक मुरडले जाते, त्याच कामांनी या मुलाला पुढे आयुष्यभर शिकवले, हे वाचताना मला, एका मुलीला, मनातून फार बरे वाटले.

जवळच्या शाळेत काळ्या मुलाला प्रवेश नव्हता. म्हणून जॉर्ज कोवळ्या वयात घर सोडून निओशो गावी गेला. तिथे मराया वॉटकिन्स नावाच्या सुईणीने त्याला आसरा दिला. पुढे कॅन्सस राज्यात गावोगाव हिंडत, लोकांचे कपडे धूत त्याने शिक्षण चालू ठेवले. फोर्ट स्कॉट येथे १८७९ साली जमावाने एका काळ्या माणसाला ठार मारल्याचे त्याने पाहिले आणि ते गाव सोडले.

यानंतर आली ती पहिली मोठी ठेच. कॅन्ससमधील हायलँडच्या महाविद्यालयात त्याने पत्राने अर्ज केला आणि प्रवेश मंजूर झाल्याचे कळवण्यात आले. प्रत्यक्ष दारात उभा राहिल्यावर मात्र त्याचा रंग पाहून त्याला परत पाठवण्यात आले. त्यानंतर काही वर्षे जॉर्जने शिक्षणाचे नाव टाकले. १८८६ मध्ये त्याने कॅन्ससच्या उजाड माळावर सरकारी जमीन घेतली, मातीच्या ढेकळांचे घर बांधले आणि शेती करून पाहिली. त्या माळावरचा त्याचा हिवाळा कसा गेला असेल, या विचाराने मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते.

आयोवा राज्यातील विंटरसेट गावी मिलहॉलंड या गोऱ्या डॉक्टर दांपत्याशी त्याची ओळख झाली आणि त्यांनी पुन्हा शिकण्याचा आग्रह धरला. १८९० साली, पंचविशी ओलांडल्यावर, जॉर्ज इंडियनोला या लहानशा गावातील सिम्पसन महाविद्यालयात दाखल झाला. हे त्याचे पहिले महाविद्यालय. मेथडिस्ट पंथीयांचे, छोटे, चहूबाजूंनी शेते असलेले. फी भरल्यावर त्याच्याजवळ दहा सेंट उरले. पाच सेंटचे मक्याचे पीठ आणि पाच सेंटची चरबी यांवर त्याने आठवडा काढला. मग विद्यार्थ्यांचे कपडे धुण्याचा त्याचा उद्योग सुरू झाला. कपडे द्यायला आलेली मुले खोक्यांवर बसून गप्पा मारत. त्याच्याकडे खुर्ची नाही हे पाहून एकदा तो बाहेर गेला असताना त्यांनी गुपचूप सामान आणून ठेवले. माणूस म्हणून आपल्याला वागवले जाते, हे त्याला इथे प्रथम कळले.

सिम्पसनमध्ये तो चित्रकला व संगीत शिकत होता. त्याच्या चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांनी हेरले, की हा मुलगा फुले नुसती काढत नाही, तो ती जाणतो. काळ्या चित्रकाराला चित्रांवर पोट भरणे कठीण, हेही त्या जाणून होत्या. त्यांचे वडील एम्स येथील राज्य कृषी महाविद्यालयात उद्यानविद्येचे प्राध्यापक होते. तिकडे जाण्याचा सल्ला खुद्द एटा बड यांनीच दिला. आपला गुणी विद्यार्थी आपण होऊन दुसऱ्या महाविद्यालयाकडे धाडायला शिक्षकाचे मन किती मोठे लागत असेल!

१८९१ मध्ये कार्व्हर एम्सला गेले. तेथील ते पहिले काळे विद्यार्थी. संस्था मोठी, पण स्वागत थंड. भोजनगृहात त्यांना इतरांबरोबर बसू देईनात, तळघरात नोकरांसोबत जेवावे लागे. राहायलाही जागा मिळेना, तेव्हा प्राध्यापक जेम्स विल्सन यांनी आपली जुनी कचेरी त्यांना दिली. ही बातमी इंडियनोलाला पोचताच तेथील एक परिचित गोऱ्या बाई मुद्दाम एम्सला आल्या, दिवसभर त्यांच्याबरोबर हिंडल्या आणि तळघरात त्यांच्या शेजारी बसून जेवल्या. त्यानंतर वागणूक बदलू लागली. लहान गावाची माया अशी मोठ्या संस्थेत पाठराखण करायला आली होती.

एम्सने त्यांना जे दिले ते मात्र सिम्पसनला देता आले नसते. प्रयोगशाळा, काचगृहे, लुई पॅमेल यांच्यासारखे वनस्पतिशास्त्रज्ञ गुरू. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात त्यांच्या एका चित्राला सन्मान मिळाला, १८९४ मध्ये पदवी आणि १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळाली. ते तिथेच शिकवू लागले होते. वनस्पतींवरील बुरशीच्या अभ्यासात त्यांचे नाव होऊ लागले होते.

अशा वेळी बुकर टी. वॉशिंग्टन यांचे बोलावणे आले. अलाबामातील टस्कीगी येथे १८८१ पासून ते काळ्या लोकांसाठी संस्था चालवत होते. वर्षाला हजार डॉलर पगार मिळणार होता, पण प्रयोगशाळेच्या नावाने शून्य. एम्सला राहिले असते तर कार्व्हर यांचे संशोधन सुखाने चालले असते. १८९६ मध्ये ते टस्कीगीला गेले. फेकलेल्या बाटल्या, भांडी, तारा गोळा करून त्यांनी विद्यार्थ्यांकडून प्रयोगशाळा उभी केली. कापसाने निःसत्त्व झालेल्या जमिनीत चवळी, रताळी, भुईमूग घ्यायला त्यांनी शेतकऱ्यांना शिकवले. १९०६ पासून तर घोड्यांच्या गाडीवर अवजारे आणि बियाणे घालून शाळाच शेतकऱ्यांच्या दारी जाऊ लागली. सोप्या भाषेतल्या ४४ पुस्तिका निघाल्या. आमच्या आबांना नत्र हा शब्द ठाऊक नाही, पण भुईमुगाच्या बेवडावर पुढचे पीक जोमाने येते हे त्यांना पक्के ठाऊक आहे. कार्व्हर आबांना भेटते, तर दोघांचे चांगले जमले असते.

त्यांना देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. त्यांना कारभार जमत नसे, त्यावरून वॉशिंग्टन यांच्याशी खटके उडत. इतरांपेक्षा जास्त पगार आणि दोन खोल्या मिळाल्यामुळे सहकारी नाराज होते. शेंगदाण्याचे लोणी त्यांनी शोधले असे सर्रास सांगतात, तेही खरे नाही. त्यांनी शोधलेल्या शेकडो वस्तूंपैकी बाजारात फारच थोड्या टिकल्या. १९२१ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे त्यांना बोलायला दहा मिनिटे दिली होती आणि समितीनेच ती वाढवत नेली. त्यामुळे त्यांची कीर्ती झाली, पण त्यांचे खरे काम त्या गाडीचे आणि त्या पुस्तिकांचे होते, असे मला वाटते. सत्तेचाळीस वर्षे टस्कीगीत काढून ५ जानेवारी १९४३ रोजी ते वारले. आयुष्यभराची सुमारे ६० हजार डॉलरची शिल्लक त्यांनी तिथल्याच संशोधनासाठी ठेवली. सिम्पसनने १९२८ मध्येच आपल्या या जुन्या विद्यार्थ्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली होती.

आता माझा कौल. कार्व्हर लहान महाविद्यालयात राहा असे सांगत नाहीत. ते स्वतः वर्षभरात तिथून निघाले. मोठ्या संस्थेत जा असेही सांगत नाहीत. तीही त्यांनी सोडली. मला दिसते ते एवढेच, की नावासाठी ते कुठेच गेले नाहीत. सिम्पसनला गेले कारण त्याने दार उघडले, एम्सला गेले कारण हवी ती विद्या तिथे होती आणि टस्कीगीला गेले कारण तिथे गरज होती. मामांच्या बोलण्यात नावच तेवढे होते. पुण्यात काय शिकायचे, हे त्यांनी सांगितले नाही आणि खरे तर मलाही सांगता आले नसते.

आपल्या भूगोलाच्या वर्गात आम्ही अकरा जण आहोत. सरांना प्रत्येकाचे गाव माहीत आहे आणि गावची नदीही. यंदा त्यांनी मला आमच्या शिवारातील विहिरींच्या पाणीपातळीची नोंद ठेवायला लावली आहे. ती वही अजून अर्धीच भरली आहे. म्हणून मी आबांना सांगितले, की तृतीय वर्ष इथेच करायचे, वही पुरी करायची आणि मग एम.ए.ला विद्यापीठात जायचे, तेव्हा काय शिकायचे हे मला ठाऊक असेल. पुढे कार्व्हरसारखी गरजेच्या जागी परत येईन का? एकोणिसाव्या वर्षी तसे लिहून देणे खोटेपणाचे होईल.

आबा नुसते हं म्हणाले. म्हैस अजून गोठ्यात आहे. मामांना मात्र पत्र लिहायचे राहिले आहे. हा लेखच त्यांना पाठवावा म्हणते.