गणिती कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव आपल्याकडे इतिहासकार म्हणून घेतले जाते. परंतु पिकांच्या जाती सुधारणारे शास्त्रज्ञ देशोदेशी हे नाव घेतात ते एका गणिती सूत्रामुळे. ही गोष्ट आपल्या गोव्यातही फार थोड्यांना ठाऊक असावी.

बौद्ध पंडित धर्मानंद कोसंबी यांचे हे चिरंजीव. जन्म गोव्यातच, ३१ जुलै १९०७ रोजी. लहानपणीच वडिलांबरोबर अमेरिकेस गेले व १९२९ साली हार्वर्डची पदवी मिळविली. पुढे काशी, अलीगढ असे करीत ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि तेथे सुमारे बारा वर्षे त्यांनी गणित शिकविले.

तेथे असतानाच, १९४४ साली, त्यांनी आनुवंशशास्त्रावर अवघ्या चार पानांचा निबंध लिहिला. एका गुणसूत्रावरील दोन जनुकांमधले अंतर मोजायचे कसे, हा प्रश्न. संततीत ती किती वेळा विलग झालेली आढळतात, यावरून ते ताडतात. पण मध्ये दोनदा अदलाबदल झाली, तर ती पुन्हा एकत्र येतात आणि हिशेब चुकतो. एक अदलाबदल दुसरीच्या आड येत नाही, असे हाल्डेन यांनी १९१९ साली धरले होते. प्रत्यक्षात ती आपल्या शेजारी दुसरी सहसा होऊ देत नाही. अंतर वाढेल तसा हा अडथळा सैल पडतो. कोसंबींनी नेमके हेच सूत्रात बसविले. विलग होण्याचे प्रमाण शेकडा २० असेल, तर हाल्डेन यांच्या रीतीने अंतर २५.५ एकक येते, कोसंबींच्या रीतीने २१.२. फळमाशीच्या भ्रूणात खंडाखंडांच्या सीमा आखणारी जनुके १९८० साली उजेडात आली, तेव्हा त्यांच्याही जागा अशाच मोजणीने ठरवाव्या लागल्या.

पुढे ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. १९५९ साली रीमानच्या सुप्रसिद्ध प्रश्नाची उकल केल्याचा दावा त्यांनी मांडला, तोही कृषि-संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात! सिद्धता टिकली नाही. १९६२ साली संस्थेने त्यांचा करार वाढविला नाही. एका फसलेल्या सिद्धतेने आधीचे खरे गणित झाकोळले, हे मात्र अन्यायाचेच म्हणावे लागेल.

इतिहासलेखन चालूच होते. गोव्यातील जुन्या काबिजादींच्या गावकारीवर त्यांनी लिहिले. आपले पेडणे नव्या काबिजादीत, म्हणून त्या लेखाबाहेर राहिले. २९ जून १९६६ रोजी पुण्यात, वयाच्या ५८व्या वर्षी, झोपेतच त्यांचे निधन झाले.