भिंतीपलीकडची घंटा

किल्लारीला मी भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी पोचलो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली होती. कुणी हात वर केला की पहारी-फावडी थांबायची आणि दगडाला कान लावून ऐकायचं. कण्हणं ऐकू आलं तर खणायचं, नाही तर पुढे. पण जो बेशुद्ध होता, त्याचं काय? हा प्रश्न पुढे बरीच वर्षं मला छळत राहिला आणि त्यानेच मला जगदीशचंद्र बोस यांच्यापाशी नेलं.

शाळेच्या पुस्तकातले बोस म्हणजे झाडांना संवेदना असतात म्हणणारे. पण त्याआधीचे बोस मला जास्त ओढ लावतात. जन्म १८५८ चा. वडील सरकारी अधिकारी. तरी मुलाला घातलं बंगाली पाठशाळेत, कोळ्याच्या पोराशेजारी! केंब्रिजहून परतून १८८५ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले. पगार इंग्रज प्राध्यापकांहून कमी, म्हणून तीन वर्षं त्यांनी पगारच घेतला नाही. शिकवणं मात्र एक दिवस सोडलं नाही. शेवटी सरकार नमलं.

धड प्रयोगशाळाही नव्हती. पत्र्याचं काम करणाऱ्या एका साध्या कारागिराला हाताशी धरून त्यांनी उपकरणं घडवली. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांच्या अदृश्य लहरी भिंतींतून आरपार गेल्या, पलीकडे घंटा वाजली, बंदुकीची दारू उडाली. पुढे ते वळले वनस्पतींकडे. झाडाची वाढ लाखो पटींनी मोठी करून दाखवणारं क्रेस्कोग्राफ यंत्र त्यांनी बनवलं. १९३७ मध्ये गिरिडीहला ते वारले.

रडार त्यांनी शोधलं नाही. उगाच श्रेय चिकटवू नये. त्यांच्या लहरी काही मिलिमीटरच्या, ढिगाऱ्यात शिरायला त्याहून लांब लागतात. पण भिंत भेदणारी लहर आणि जिवाची सूक्ष्म हालचाल हे त्यांचे दोन्ही ध्यास 'नासा'च्या 'फाइंडर' यंत्रात एकत्र आलेले दिसतात. श्वासाने, हृदयाच्या ठोक्याने छाती किंचित हलते. परतणाऱ्या लहरीत तेवढा फरक पडतो, तो यंत्र निवडून काढतं. २०१५ च्या नेपाळ भूकंपात चौतारा गावी दहा फुटांपर्यंतच्या ढिगाऱ्याखालची चार माणसं अशीच जिवंत सापडली.

अशी यंत्रं चालवताना आजूबाजूच्यांना लांब जावं लागतं. नाही तर बघ्यांचीच हालचाल आधी टिपली जाते. किल्लारीतही आम्ही बघ्यांनाच मागे रेटत होतो.